टँकरवाल्या काकांनी मागितलेला कागद

मंडळी, मी पुरवठा विभागात नोकरी करते. इंधनचोरी रोखण्यासाठी आज आम्ही कोपरगाव रस्त्यावर टँकर तपासत होतो.

एका वयस्कर चालकाच्या टँकरचं सील शाबूत होतं, मोजल्यावर डिझेलही पुरेपूर निघालं. "निघा काका," मी म्हटलं.

ते हलेनात. "म्याडम, समदं बराबर हाय असं कागदावर लिहून द्या ना. लेकीच्या सासरी मला डिझेलचोर म्हनत्यात. ती बिचारी ऐकून घेती."

असा कागद द्यायची पद्धत नाही. तरी जे आढळलं ते लिहून सही केली. काकांनी तिथूनच लेकीला फोटो पाठवला. लगेच तिचा फोन आला, तर काकांनी तिला तो कागद शब्दन् शब्द वाचून दाखवला.

चोर सापडला की आम्ही बातमी देतो. प्रामाणिक माणसाबद्दल कुणी सांगायचं हो?