अळणी ताट

माझ्या लेकीच्या, श्रेयाच्या, गालाचा पापा घेतला की ओठ खारट होतात. तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे. घामावाटे मीठ वाहून जातं, छातीत चिकट कफ साचतो. बेळगावच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, जंतूंशी लढताना कुणाच्याही श्वासनलिका सुजतात, मग शरीरच ती सूज उतरवतं. हिच्यात ती उतरवणारी ताकद कमी पडते. आजार जन्माचा, सांभाळत राहायचा. तेव्हापासून ती खोकली की माझ्या मनात धास्ती भरते आणि तीही लवकर उतरत नाही. मी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, हात जोडायचे, पण मन जागेवर नसायचं. आपलं कुणी ऐकतंय, असं वाटतच नसे.

गेल्या पर्युषणात आम्ही बोरगावला माहेरी होतो. बस्तीत मुलांनी मुनी महाराजांपुढे पर्युषणापुरते नियम घेतले. कुणी गोड सोडलं, कुणी चहा. माझ्या शहाण्या लेकीने मीठ सोडलं! मला ते कळलं दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ती बस्तीच्या ओसरीवर गळून बसली तेव्हा. पायात पेटके, जीभ कोरडी. फोनवर डॉक्टर म्हणाले, मीठ-साखरेचं पाणी लगेच पाजा आणि जवळच्या दवाखान्यात न्या. भाऊ गाडी आणायला धावला. मी पेला तोंडाशी धरला, तर पोरगी दात आवळून बसली.

"महाराजांपुढं घेतलाय, आई. मोडायचा न्हाय."

महाराज आत सामायिकाला, ध्यानाला बसलेले, त्यांना उठवणार कसं? मी रागावले, विनवण्या केल्या, शेवटी रडले. खांबाशी एक अनोळखी आजी जप करत होत्या. "काय झालं गं?" म्हणत त्या जवळ आल्या. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी श्रेयापुढे हात पसरला.

"बाळ, तुझा नियम मला दे. मी पाळते. म्हंजे मोडला न्हाय की."

"कधीपर्यंत?"

"तू बरी होईस्तवर."

श्रेयाने क्षणभर विचार केला, त्यांच्या तळहातावर आपला हात ठेवला आणि पेला रिकामा केला.

हा आजार बरा होत नसतो हो, असं मी सांगणार होते, तेवढ्यात गाडी आली. निपाणीत सलाईन लागलं, संध्याकाळी तिने भात मागितला. दुसऱ्या दिवशी मी बस्तीत आजींची चौकशी केली. त्या कुणाच्याच ओळखीच्या नव्हत्या.

नियम असा दुसऱ्याला देता येतो का, मला ठाऊक नाही, मी कुणाला विचारलंही नाही. पण सगळा भार माझ्या एकटीवर आहे, असं मानणं मी त्या दिवसापासून सोडून दिलं. खोकला येतोच, धास्तीही वाटते. तरी आता हात जोडले की मन थोडं टेकतं. श्रेयाच्या ताटात जास्तीचं मीठ घालताना मी आजींना मनोमन नमस्कार करते. कुठल्याशा घरात त्या अजून अळणी जेवत असतील, माझी लेक बरी व्हायची वाट बघत.