“एकदम बरी आहे, मॅडम”

आमच्या चिखले गावाहून निघालो त्या सकाळी माझी आई माहेराहून, विवळवेढ्याहून आली होती, तिथल्या महालक्ष्मीचं कुंकू आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन. “पोचलीस का फोन कर, बाय,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. माझ्या छातीतल्या गाठीचं नाव कुणी घेतलं नाही. मुंबईकडे तपासायला चाललोय, असंच सगळ्यांना सांगितलं होतं. वाटलं होतं, महिन्याभरात परत येऊ. पण उपचार लांबले, नवऱ्याला खारघरला एका सोसायटीत वॉचमनची ड्युटी मिळाली, मुलीचं नाव तिथल्या शाळेत घातलं आणि आम्ही तिथलेच झालो.

केमो चालू असताना गाव फार आठवायचं. चिकूच्या वाडीतली गार सावली, दुपारी शिदोऱ्या सोडून एकमेकींची थट्टा करत बसलेल्या आम्ही बायका. तेव्हा कुठल्याही वासाने मळमळायचं, पण चिंचणीच्या बाजारातले सुके बोंबील आठवले की भूक लागायची. हसू नका, खरं सांगते.

हॉस्पिटलात पेशंटशी बोलून धीर द्यायला काउन्सेलर मॅडम होत्या. “मन मोकळं करा, ताई,” म्हणायच्या. मी डोक्यावरचा स्कार्फ नीट करून ताठ बसायची आणि म्हणायची, “एकदम बरी आहे, मॅडम.” झालं माझं मन मोकळं! घरी मात्र मुलीची वेणी घालून झाली की सोडून पुन्हा घालायची. पुढच्या वर्षी हिची वेणी कोण घालेल, हेच डोक्यात.

मग सांगत का नव्हते? मी जन्मभर वाडीत रोजावर काम केलेली बाई. सकाळी मुकादम विचारायचा, “बरी हायेस ना?” अंगात ताप असला तरी मान डोलवायची. नाही म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून बोलावणं बंद. मला वाटायचं, या मॅडमही तेच बघायला बसल्यात, हिच्यात दम आहे की नाही. मी रडले तर त्या डॉक्टरांना सांगणार आणि माझा केमो थांबणार. मला जगायचं होतं, म्हणून खोटं बोलत राहिले. नर्स माझ्या धीराचं कौतुक करायच्या आणि मी वेडी खूशही व्हायची.

शेवटचा केमो झाला. आता थांबवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा विचारलं, “मॅडम, मी आधी रडले असते तर औषध बंद झालं असतं का?”

त्यांचा चेहराच उतरला. “अहो ताई, असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

कुणीच नाही. मग मी जी रडले, ती थांबेचना. त्यांनी बाहेरच्या पेशंटला थोडं थांबायला सांगितलं.

आता चिखल्याला जाते ती पाहुणी म्हणून. मुलगी दुसऱ्याच दिवशी कंटाळते, मला मात्र वाडीच्या वाटेला लागलं की बरं वाटतं. गेल्या खेपेला माझ्याबरोबर काम करणारी सुमन भेटली. तिलाही गाठ निघालीय, चार दिवसांत मुंबईला जायचं होतं. म्हणाली, “तू कशी, एकदा पन रडली नाय, समदी सांगतात. मी पन तशीच ऱ्हाणार.”

घर म्हणजे काय, असं मला हल्ली कुणी विचारलं तर सांगेन, जिथल्या माणसाशी मला खोटं बोलवत नाही, ते. मी तिचा हात धरला.

“सुमे, मी लय घाबरलेली. तुला भीती वाटली तर सांग त्यांना. रडलीस तरी दवा देतात गं.”