फोटो झाला, कार्यशाळा राहिली

‘कार्यशाळा’ हा शब्द ऐकला की माझं डोकं आजही सणकतं. आता मी लातूरला असते, इथल्याच एका कॉलेजात शिकवते, आणि अधूनमधून एखादी कार्यशाळा माझ्याच गळ्यात पडते. सहकारी विचारतात, मॅडम, तुम्ही फोटो आधी का उरकून घेऊ देत नाही? मी म्हणते, माझी सवय आहे. सवय कशी लागली ते कधी सांगत बसले नाही. आज सांगते.

नांदेडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं गाव लोह्याच्या रस्त्याला, फाट्यापासून आत. एसटी फाट्यावर थांबली तर थांबली, म्हणजे माझं शिक्षण ड्रायव्हरच्या मर्जीवर चालू होतं. शेवटी अण्णांनी, माझ्या वडिलांनी, मामेभावाची जुनी स्कूटी आणून दिली. माझा भाऊ तेव्हा लातूरला क्लासेसमध्ये होता, डॉक्टरकीच्या तयारीत. त्याचा फोन आला की घरातले सगळे हळू आवाजात बोलायचे, जणू मोठ्याने बोललो तर त्याचे मार्क कमी होतील. माझ्या वाट्याला ती गाडी आली, आणि तिची नाटकं फार. मनात आलं की चालायची, मनात आलं की रस्त्यात बसायची.

एका संध्याकाळी ती अशीच बसली. किक मारून मारून माझा पाय गेला. गावातल्याच एका टेम्पोवाल्याने गाडी मागे टाकली, मला पुढे बसवलं आणि घरी आणून सोडलं. माणूस भला होता. पण हीच गोष्ट पारावरून फिरून अण्णांच्या कानावर आली, तेव्हा तिच्यात टेम्पो होता, टेम्पोवाला होता, मी होते. बंद पडलेली गाडी कुठेच नव्हती.

अण्णा ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडले असते. जेवता जेवता म्हणाले, “आता एकदा जरी गाडी रस्त्यात बंद पडली, तर कॉलेज बंद. घरी बसून बाहेरून परीक्षा दे.” आणि आईला म्हणाले, कालवण वाढ.

त्या दिवसापासून मी गाडीवर बसायचे ती जीव मुठीत धरून. फाट्यावरचा मिस्त्री गाडी चालू करून द्यायचा, पण काय केलं म्हणून विचारलं की म्हणायचा, “ताई, तुम्ही कशाला हात घाण करायलाव?” अशात कॉलेजच्या नोटीस बोर्डावर कागद लागला: विद्यार्थिनींसाठी दुचाकी दुरुस्ती कार्यशाळा. मला तर तो कागद माझ्यासाठीच लावल्यासारखा वाटला. मी त्या दिवशी लवकर गेले आणि पहिल्या रांगेत बसायचं ठरवूनच हॉलमध्ये शिरले.

हॉलमध्ये बॅनर वेगळाच होता, ‘मुलींसाठी स्वसंरक्षण’. एक मैत्रीण हात उगारून उभी, दुसरी घाबरल्याचा आव आणून उभी, आणि फोटोग्राफर म्हणत होता, “जरा हसा की.” फोटो झाला. बॅनर उतरला, ‘माती परीक्षण’ चढला. आमच्या एका मॅडमनी समई विझवली आणि पाहुण्यांनी ती पुन्हा पेटवली. पाहुणे आमचेच खेळाचे सर. स्वसंरक्षणाला ट्रॅकसूटमध्ये होते, मातीला त्यांना फेटा बांधला. “मुलींनो, ओढण्या बदला गं एकमेकींच्या,” मॅडम म्हणाल्या, “आणि मागच्यांनी पुढे या. ऐकल्यासारखं करा.”

तेव्हा कळलं. पुढच्या आठवड्यात तपासणी समिती येणार होती, आणि वर्षभर जे कार्यक्रम झालेच नव्हते ते सगळे त्या दुपारी व्हायचे होते. मुली हसत होत्या. मीही मैत्रिणीची हिरवी ओढणी घेऊन बसले, खोटं कशाला बोलू. मला वाटत होतं, बाकीच्यांचं काही का होईना, दुरुस्तीची तरी खरी असेल, कारण तिच्यासाठी खरा मिस्त्री येणार होता.

आला खरा. नांदेडच्या इतवाऱ्यात ज्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं गॅरेज आहे असे एक चाचा, इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट घालून, दाढी नीट कोरून. हातात काहीच नाही. फोटोत काहीतरी हवं म्हणून, हे सगळं उरकून घेणाऱ्या आमच्या विभागाच्या सरांनी त्यांच्या हातात वायरमनची पक्कड दिली. मग गाडी हवी. “कुणाची आहे?” माझा हात सगळ्यात आधी वर गेला. शिपायाने आणि मी गाडी उतारावरून ढकलत थेट हॉलमध्ये आणली. चाचांना शाल-नारळ दिला, त्यांनी पक्कड माझ्या गाडीच्या आरशाला लावली, मी शेजारी उकिडवी बसून लक्षपूर्वक बघितलं. फोटो झाला.

“छान. काढा आता गाडी,” सर म्हणाले. मागे दोघं जण पुढचा बॅनर चढवत होते, ‘ताणतणाव व्यवस्थापन’.

माझ्या मस्तकात काहीतरी तडकलं. मी हँडल वळवलं, लॉक केलं, किल्ली मुठीत घेतली आणि गाडीला टेकून फरशीवर बसले.

“काय गं? काढ की.”

“सर, कार्यशाळा होऊ द्या, मग काढते.”

“झाली की कार्यशाळा. फोटो झाला ना?”

“फोटो झाला, सर. मला अजून गाडी दुरुस्त करता येत नाही.”

सरांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला. ताणतणावाचे पाहुणे दारात ताटकळत होते, बॅनरसमोर मधोमध माझी गाडी, आणि लॉक केलेली गाडी उचलून न्यायला कुणी पुढे येईना. सर जवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत, माहीत आहे ना?”

भीती वाटली. खरंच वाटली, तळहातात किल्ली रुतत होती. पण रागही आला होता, आणि राग भीतीपेक्षा मोठा होता. मी जरा जास्तच मोठ्याने बोलले. “सर, ही गाडी आणखी एकदा रस्त्यात बंद पडली की माझं कॉलेज बंद व्हायलंय. घरी तसं सांगितलंय मला. मग तुमचे गुण घेऊन कुठं जाऊ?”

मागून एक मुलगी वैतागून म्हणाली, “ए, आमची बस चुकायलीय तुझ्यापायी.” ती निघूनही गेली. पण ज्या मैत्रिणीची ओढणी माझ्या खांद्यावर होती ती उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्यामागून धर्माबादची एक आली, वसतिगृहात राहणारी, जिच्याकडे गाडीच नव्हती. “मला बी बघायचंय,” म्हणाली. बघता बघता गाडीभोवती घोळका झाला.

सरांनी चाचांकडे पाहिलं, म्हणजे तुम्हीच निघा. चाचा शाल सावरत म्हणाले, “साहेब, तुमी तर फोटोलाच बुलवले. मी पाना बी आनला न्हाई.”

मी डिकी उघडली. आत गाडीबरोबर आलेला, स्पार्क प्लग खोलायचा पाना होता, कधी न वापरलेला. चाचांनी तो पाहिला, मग स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. “मी हात लावनार न्हाई, बेटा. आजच काढला शर्ट, फोटोसाठी. तू कर. मी बोलतो.”

त्या शर्टाचे उपकार मी विसरणार नाही. चाचांनी स्वतः केलं असतं तर मी पुन्हा नुसती बघत राहिले असते. ते खुर्चीवर मांडीत नारळ घेऊन बसले आणि सांगत गेले. हे झाकण काढ. ती प्लगवरची टोपी ओढ, वायर नको ओढू. पाना सरळ धर. पाना सटकला, माझ्या बोटांची सालं निघाली. “नक्को घाबरू, आडवा पाय लावून जोर मार.” प्लग निघाला तो काजळीने काळाकुट्ट. “तुझी गाडी ऑइल खायलीय. हे काळं होनारच, सारखं होनार. इंजनाचं काम निघंल तवा निघंल, तवर तूच पुसत जा. आन गरम असताना हात लावू नको.” शिपायाने आणून दिलेल्या पॉलिश पेपरने मी तो घासला, बसवला. किक मारली, काही नाही. पुन्हा मारली, काही नाही. दारातून सर म्हणाले, “झालं समाधान?” टोपी नीट बसली नव्हती. ती दाबली आणि किक मारली, तर गाडी अशी चालू झाली की सगळा हॉल धुराने भरला आणि ताणतणावाचे पाहुणे खोकत बाहेर गेले. मुलींनी आरडाओरडा केला. मग गाडी गार झाल्यावर प्रत्येकीने एकदा प्लग काढला, बसवला. याचा एकही फोटो निघाला नाही. अंतर्गत गुणही मला अगदी काठावरचे मिळाले.

नंतर काही आठवड्यांनी गाडी बंद पडायची ती पडलीच, उन्हं उतरताना, लोह्याच्या अलीकडे. समोरच्या हॉटेलातून माणसं उठून आली. “सरका ताई, आम्ही बघतो.” मी म्हणाले, “उजेड अडवायलाव तुम्ही, बाजूला व्हा.” प्लग गार होईपर्यंत थांबले. हातांना काम माहीत होतं. गाडी चालू झाली आणि मी त्यांच्याकडे न बघता निघाले.

घरी पोचले तेव्हा अंधार पडला होता. अण्णा अंगणातच उभे होते. लपवता आलं असतं. तास लांबला म्हणाले असते तर चाललं असतं.

“गाडी बंद पडली होती,” मी म्हणाले.

“कुणी आणून सोडलं?”

“कुणी न्हाई. मी चालू केली.”

त्यांनी माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं आणि आत गेले. रोज सकाळी मी त्यांना विचारायचे, जाऊ का? दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं नाही. गाडी बाहेर काढली आणि म्हणाले, “येते, अण्णा.”

ते दारात आले. “मी काय सांगितलं होतं? आन पुन्हा बंद पडली तर?”

“पडू द्या की,” मी म्हणाले, आणि किक मारली.