बाबांचा लोड

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधल्या पोरांच्या तोंडात उठताबसता एकच शब्द, लोड. परीक्षेचा लोड, बॉसचा लोड, गर्लफ्रेंडचा तर विचारूच नका. आणि सगळ्यांवर उपाय एकच: लोड नको घेऊ रे. बाबांना याचा भयंकर राग. त्यांची अख्खी नोकरी मोहन्याच्या एका गोदामात टेम्पो भरून घेण्यात गेली. "लोड घ्यायचा नाही तर पगार कशाचा घ्यायचा?" असं ते विचारायचे.

माझ्या हळदीच्या आदल्या आठवड्यात हेच बाबा बाथरूममध्ये घसरले. पाय प्लास्टरमध्ये, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही आणि मांडव खाली कंपाउंडमध्ये. हळदीच्या संध्याकाळी बिल्डिंगमधली चार पोरं खुर्ची घेऊन वर गेली. "काका, बसा. लोड आम्ही घेतो." बाबा ढिम्म हलेनात. आईने खाली येऊन मला सांगितलं, "चौघांनी उचलायचं ते माणूस गेल्यावर, जिवंतपणी नाही, म्हणतायत."

माझं डोकंच फिरलं. बाबा आल्याशिवाय हळद लावून घेणार नाही, असं सगळ्यांसमोर जाहीर केलं आणि पिवळ्या साडीच्या निऱ्या मुठीत धरून जिना चढले.

"चौघं नकोत ना? मग मी पाचवी," म्हणत खुर्चीची पाठ धरली.

"अगं, उद्या लग्न आहे तुझं. कंबर मोडेल."

"मोडू दे. बसा तुम्ही."

बसले बिचारे. जिना एवढासा, आम्ही पाच जण आणि वर बाबा. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी व्हायची आणि बाबा टेम्पो रिव्हर्स घेतल्यासारखे ओरडायचे, "आने दो, आने दो, डावीकडे घे, बस बस!" दुसऱ्या मजल्यावर मला हसू फुटलं, ते पोरांना लागलं आणि खुर्ची अशी हलायला लागली की खालीच ठेवावी लागली. बाबाही डोळे पुसत हसत होते. खाली डीजे लागला तेव्हा प्लास्टरचा पाय सोडून त्यांचं बाकी सगळं नाचत होतं. मी तर हळद लावून घेतानाही खिदळत होते.

सगळं आटोपल्यावर पोरांनी पुन्हा खुर्ची धरली. मीही उठले. बाबांनी हातानेच थांबवलं.

"उद्या तू जाणार. मग मला खालीवर करायला पाचवं कोण?"

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. आईने हातातलं ताट माझ्याकडे दिलं, पदर खोचला आणि खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"मी काय मेलेय?" ती म्हणाली. "उचला रे."