टाळ्या मिळवणारे पाय

धायरीच्या रस्त्यावर स्कूटरवरून पडले आणि माझ्या पाठीचा मणका मोडला. तेव्हापासून कमरेखालचं काही हलत नाही, कळतही नाही. वर्षभराने मी घरी गणिताच्या शिकवण्या पुन्हा सुरू केल्या. पडण्याआधीही मी त्याच घेत होते, तेव्हा कुणी शाल दिली नव्हती. आता कर्वेनगरातल्या आमच्या महिला मंडळाने सत्कार ठरवला.

अध्यक्षीणबाई स्वतः बोलवायला आल्या. व्यासपीठाला पायऱ्या आहेत का, असं मी विचारलं. आहेत, पण आपली मुलं उचलतील की, म्हणाल्या. कार्यक्रम खालीच घ्या ना, असं सुचवलं तर त्यांचा चेहरा उतरला. खाली फोटो चांगले येत नाहीत, म्हणाल्या.

मुलं म्हणजे चार निवृत्त गृहस्थ निघाले. व्हीलचेअरचे हात धरू नका, ते निघतात, असं माझा नवरा सांगत होता. एकाने हात धरला. तो निघाला. खुर्ची कलली, मी दुसऱ्याची कॉलर पकडली आणि आम्ही सगळे दाणकन वर पोचलो.

त्या दणक्याने माझे पाय उडायला लागले. मला हे सवयीचं आहे. मेंदूचा निरोप खाली पोचत नाही, मग स्नायू आपल्याच मनाने आखडतात, थरथरतात. मी गुडघे दाबून धरले, पण पहिल्या रांगेला दिसलंच. टाळ्या सुरू झाल्या. इच्छाशक्तीपुढे विज्ञान थिटं पडतं, असं अध्यक्षीणबाईंनी डोळे पुसत जाहीर केलं आणि माझ्या मांडीवर नारळ ठेवला. मी तो लगेच उचलला. मला टोचलेलं कळत नाही आणि तिथली जखम भरायला महिने लागतात. हे समजावण्यापेक्षा नारळ हातात धरून बसणं सोपं होतं.

मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

"हे पाय मी हलवले नाहीत," मी म्हटलं. "आपण खुर्ची आपटलीत, म्हणून हलले. एक उतरती फळी टाकली असतीत, तर मी माझी माझी वर आले असते."

ताईंची विनोदबुद्धी अजून शाबूत आहे, असं निवेदिकेने सांगितल्यावर पुन्हा टाळ्या पडल्या. मला इतका राग आला होता, की घरी येईपर्यंत मी नवऱ्याशीही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. पायांना कोणतं तेल लावता, हे त्यांना हवं होतं. मी त्यांना मणका, मेंदू, स्नायू असं सगळं सावकाश सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

"कळलं गं," त्या उठताना म्हणाल्या. "तरी पण हलले ते बरंच झालं."

मी हो म्हटलं. शिकवणीची मुलं दारात येऊन उभी होती.