दहावीच्या वर्षातला मुका सिनेमा

लेकीची दहावी असल्यानं आमच्या टीव्हीचा आवाज इतका बंद, की भिंतीवरची पालसुद्धा परवानगी काढून चुकचुकते. काल पडद्यावर नायिका नायकाच्या गळ्यात पडून रडत होती. बायकोनं तिच्या वतीनं हळूच विचारलं, "अहो, दळण आणलंत का?"

मी नायकाचा आवाज झालो. "गिरणी बंद होती गं, तुझी शपथ!"

मुरलेलं प्रेम बहुधा दळणाबद्दलच बोलत असावं.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. दोन महिन्यांत एकदाही न हसलेली लेक समोर उभी! तिनं पडद्यावरच्या खलनायकाकडे पाहिलं आणि त्याच्या आवाजात गरजली, "खोटं बोलतोय हा! गिरणीत गेलाच नव्हता!"

मग ती अशी हसली, की कुंडीतली तुळसही डोलली. पुढचा तासभर खलनायक तिच्याकडेच होता, आणि भूमिती बिचारी आत एकटी बसून होती.