बेचाळीस हजारांची स्प्लेंडर

जामनेरहून पहूरकडे निघालं की गाव संपता संपता डाव्या हाताला पत्र्याची एक लांबट शेड होती. तिथं कय्युमभाई जुन्या मोटारसायकली घ्यायचे आणि विकायचे. जवळजवळ तीस वर्षं त्यांनी हा धंदा केला. माझी पहिली गाडी मी त्यांच्याकडूनच घेतली होती. पुढे ती विकायला गेलो तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, टाकीवर हात ठेवला आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी तसाच परत फिरलो. मग जळगावला दोन-तीन ठिकाणी विचारून झालं, आणि शेवटी गाडी घेऊन पुन्हा त्यांच्याच शेडसमोर उभा राहिलो. त्यांनी तोच आकडा पुन्हा सांगितला. चेहऱ्यावर ना राग, ना आनंद. चहा मात्र मागवला.

उंच, बारीक माणूस. दाढी पांढरी झालेली, गुडघे गेलेले. प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठताना आधी शेडच्या खांबाला हात लावायचे, मग उठायचे. भावात हटवादी, पण खोटं बोलत नसत. गाडीला रंग मारलेला असला तर "रंग मारलाय" म्हणून गिऱ्हाइकाला सांगून टाकत. बायको शहजादी म्हणायची, असा धंदा केला म्हणून घरावर अजून पत्राच आहे.

अलीकडे ते धंद्याला वैतागले होते. तसे ते बोलून दाखवत नसत, पण एकदा मला म्हणाले, "विकायला येतो त्याला वाटतं मी लुटतोय. घ्यायला येतो त्यालाही तेच वाटतं. दिवसभर माणसांची तोंडं उतरलेली बघायची." मोबाईल आल्यापासून त्यांचा त्रास आणखी वाढला होता. शिंदखेड्यात कुणीतरी पंधरा वर्षांच्या गाडीला चाळीस हजार मागितलेले असायचे, तो फोटो दाखवून लोक भांडायचे. कय्युमभाई शांतपणे सांगायचे, "हा मागितलेला भाव आहे. ती गाडी गेली का, ते विचारा त्याला." पण कोण विचारणार? शिवाय नवीन गाडी आता थोडे पैसे भरून हप्त्यावर मिळू लागली. जुनीला गिऱ्हाईक उरलं ते फक्त हप्तासुद्धा न परवडणारं.

अशा दिवसांत झुलाल आबा आपली स्प्लेंडर घेऊन आले.

आबा एस.टी.त ड्रायव्हर होते. मूळचे शिंदखेड्याकडचे. नोकरी जामनेर डेपोत झाली, निवृत्त झाल्यावर पहूरला दोन खोल्या बांधून तिथंच राहिले. एवढी वर्षं इकडे काढूनही बोलणं पक्कं अहिराणीच. बायको वारली होती. मुलगा वना सुरतेला होता, एका कापड कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. तिथंच घर घेतलं होतं, लेकरं तिथल्या शाळेत जायची.

कय्युमभाईंनी गाडीभोवती फेरी मारली. गाडी खरंच चांगली ठेवलेली होती. आरशांना ओरखडासुद्धा नव्हता. त्यांनी विचारलं, "आबा, काय अपेक्षा आहे?"

"बेचाळीस हजार."

"मोबाईलवर बघितलं का कुठं?"

"मोबाईलवर नही. बेचाळीसमा लिधी, बेचाळीसमाच देसू."

कय्युमभाईंनी समजावलं. गाडीला पंधरा वर्षं होत आली होती. पंधरा वर्षं झाली की ती पुन्हा पासिंगला न्यायची, त्याचा खर्च, वर नवीन नंबरप्लेट. हे सगळं घेणारा आधीच भावातून कापतो. पंधरा-सोळा हजार आले तर खूप झाले.

"एक रुपया कमी नही," आबा म्हणाले. आवाज चढवला नाही, काही नाही. गाडी स्टँडवर लावून बसची वाट बघायला रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या कुणाला कय्युमभाईंनी गाडी घेऊन जा म्हणून सांगितलं असतं. आबांना का सांगितलं नाही, ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही. "ठेवली," एवढंच म्हणाले. बाजाराच्या दिवशी आबा पहूरहून यायचे. रुमालानं गाडी पुसायचे, किक मारून थोडा वेळ चालू ठेवायचे आणि विचारायचे, "कोन्ही गिऱ्हाईक उनं का?"

गिऱ्हाइकं आली होती. एका दूधवाल्यानं सोळा सांगितले. मग एक शिक्षक आले, त्यांना गाडी इतकी आवडली की ते वीसला तयार झाले. वीस म्हणजे कय्युमभाईंनाही जास्त वाटले. त्यांनी लगेच आबांना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "बेचाळीस." शिक्षक निघून गेले. त्या दिवशी कय्युमभाई पहिल्यांदा चिडले. घरी गेल्यावरही जेवताना बोलेनात. शहजादीनं विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं. "उनको बेचनी ही नहीं है," ती म्हणाली. "आप भी क्या समझते नहीं?"

समजत होतंच. रोज गाड्या विकायला येणाऱ्या माणसांचे चेहरे वाचण्यात त्यांची उमर गेली होती. तरीही बाजाराच्या दिवशी आबा आले की ते चहा मागवत.

नंतर शेडच्या मालकानं जागा मागितली. तिथं त्याला गाळे काढायचे होते. मुदत दिली, वागला चांगलाच. दुसरी जागा शोधायची तर गुडघे साथ देईनात, आणि खरं म्हणजे मनही होईना. मुलगा झैद नाशिकला कंपनीत होता, तो कधीचा म्हणत होता, बंद करा. कय्युमभाईंनी धुळ्याला श्रेयांस जैनला फोन केला. श्रेयांसचे वडील सुरेशचंद शेठ आणि कय्युमभाई यांच्यात जुना व्यवहार होता. आता मुलगा धुळ्यात मोठ्या जागेत हाच धंदा करायचा. "सगळ्या एकदम घे," कय्युमभाईंनी सांगितलं.

श्रेयांस आला. हसून बोलला, पाया पडल्यासारखं केलं. मग शेडमध्ये शिरला आणि पहिल्या गाडीभोवती फेरी मारून त्यानं टाकीवर हात ठेवला.

"रंग मारलाय, चाचा."

"हो."

"इंजिनचं काम निघेल हिच्यात. ही तर भंगारातच जाईल. हिला कोण विचारतंय आता?"

एकेक गाडी झाली. आकडे तो बरोबर सांगत होता, फार तर थोडे कमी. कय्युमभाईंनीही तेच सांगितले असते. ते खुर्चीवर बसून ऐकत होते. ही गाडी त्यांनी पाचोऱ्याहून पावसात आणली होती, त्या दुसरीचं इंजिन स्वतः उघडून बसवलं होतं. हे सांगावं असं एकदा वाटलं. मग वाटलं, आपल्याला लोक हेच सांगत होते. गाडी लेकराच्या जन्माच्या वेळी घेतलेली आहे, गाडी लग्नात मिळालेली आहे. आणि आपण ऐकून घेऊन पुढचा आकडा सांगत होतो. त्यांनी भाव वाढवून मागितला नाही. श्रेयांसलाच थोडं अवघडल्यासारखं झालं, त्यानं आपणहून थोडे वाढवले.

"आणि ही?" त्यानं आबांच्या स्प्लेंडरकडे बघितलं.

"ही माझी नाही."

टेम्पो सोमवारी यायचा होता. त्याआधी आबांच्या गाडीचं काहीतरी करायला हवं होतं. आबांनी वनाचा नंबर त्यांच्याकडे देऊन ठेवला होता. कय्युमभाईंनी सुरतेला फोन लावला. वना नीट बोलला, अदबीनं बोलला. मागे यंत्रांचा आवाज येत होता.

"चाचा, किती येतात? पंधरा? मग द्या ना विकून. पैसे आबांनाच द्या. मी किती वेळा सांगितलं त्यांना, विका म्हणून. मी काय करणार त्या गाडीचं?"

"एकदा येऊन बघून जाशील?"

"सुट्टीचं अवघड असतं, चाचा." मग तो म्हणाला, "दिवाळीला बघतो."

कय्युमभाई बसनं पहूरला गेले. आबा ओट्यावर बसून तांदूळ निवडत होते. एकट्यापुरतेच असल्यानं ताटात मूठभर तांदूळ होते. कय्युमभाईंनी जागा जाते आहे हे सांगितलं, टेम्पोचं सांगितलं. मग वनाला फोन केल्याचंही सांगितलं, लपवलं नाही.

"काय म्हने?"

"विका म्हणाला."

आबांनी ताट बाजूला ठेवलं. "माले बी तेच सांगस." मग सावकाश बोलले, "तो फोन करस आठ-पंधरा दिनमा. दुसरं काय बोलानं? तो ईचारस, गाडी गई का? मी सांगस, नही गई. कोन उनं, कितला सांगे, बठ्ठं सांगस. पाच मिनिट निंघी जातस. गाडी गई म्हंजे काय बोलसू?"

मला ही हकिकत सांगताना कय्युमभाईंनी आबांचे हे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले. त्यांनी आबांना विचारलं, घरी आणून ठेवू का गाडी. आबांनी नाही म्हणून मान हलवली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, गाडी चालवणं आता बंद झालं होतं. दारात उभी राहून ती गंजली असती. गंजलेली गाडी बघणं त्यांना जास्त जड गेलं असतं.

"सोमवारे टेम्पोमा मी बी येस," आबा म्हणाले. "भाव मन्हासमोर व्हवाले पाहिजे."

सोमवारी टेम्पोत गाड्या चढल्या, आबांची शेवटी. आबांनी स्वतः दोरी बांधली, आधी दुसऱ्यानं बांधलेली सोडून पुन्हा. दोघे पुढे ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीनं बसले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. आबा पूर्ण वाट ड्रायव्हरच्या गिअरकडे बघत राहिले.

धुळ्याला पोचल्यावर कय्युमभाईंनी श्रेयांसला बाजूला घेतलं. "आबांची गाडी बघताना काही बोलू नकोस. जुनी, भंगार, कोण विचारतंय, असलं काही नको. आकडा तेवढा सांग."

श्रेयांस शहाणा मुलगा. त्यानं फेरी मारली, किक मारली. गाडी लगेच चालू झाली. त्यानं कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "आबा, चौदा देतो."

"तुले बी पोट शे," आबा म्हणाले. "पन आवाज आयक ना तिना."

पुन्हा आवाज ऐकला गेला. पंधरा झाले, साडेपंधरा झाले. आबांनी बेचाळीसचं नावही काढलं नाही. "कर मंग," म्हणाले. ट्रान्सफरच्या फॉर्मवर सह्या करताना ते दरवेळी कागद डोळ्यांजवळ नेत होते. मग खिशातून दोन किल्ल्या काढून दिल्या. दुसरी किल्ली एकदाही वापरलेली नव्हती, शोरूमची पुठ्ठ्याची चिठ्ठी अजून तिला तशीच होती.

"कागदांचं काय असेल तर पहूरले निरोप धाड," एवढं श्रेयांसला सांगून ते बाहेर पडले.

बसस्टँडवर आबांनी सुरतेला फोन लावला. कय्युमभाई शेजारीच होते. "गाडी इकी टाकी," आबा म्हणाले. "साडेपंधरामा." पलीकडून वना काहीतरी बोलला. "हां. बरं झालं. नही, टेम्पोमा उनूत. जावाले एस.टी. शे ना." आबा फोन कानाला धरून उभे होते. शेवटी म्हणाले, "जेवना का तू?" वना जेवला होता. फोन बंद झाला.

जळगावची बस मिळाली, बसायला जागाही मिळाली. सवयीनं आबा ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर गेले. पारोळ्याच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "तुमन्या बठ्ठ्या गाड्या कितलामा गयात?"

कय्युमभाईंनी सगळ्यांचा मिळून आकडा सांगितला.

"कमी दिधात."

"हो," कय्युमभाई म्हणाले. "कमीच दिले."

"बोलनात नही तुम्ही?"

"थकलो होतो, आबा."

आबांनी मान डोलावली. त्यानंतर थोड्या वेळात त्यांना डुलकी लागली आणि डोकं कय्युमभाईंच्या खांद्यावर आलं. गुडघे वाकवून बसल्यानं कय्युमभाईंच्या पायांना मुंग्या येत होत्या. पाय लांब करायचे तर आबांना उठवावं लागलं असतं, म्हणून ते एरंडोल मागे पडेपर्यंत तसेच बसून राहिले. खिडकीबाहेर कापूस वेचणाऱ्या बाया घरी निघाल्या होत्या. जळगाव आलं तेव्हा ऊन उतरलं होतं. जामनेरच्या गाडीला वेळ होता. दोघांनी स्टँडसमोर उभ्यानंच चहा घेतला. पैसे आबांनी दिले.